सातभाईंच्या नावातला गव्हर्नर

अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पासून ज्याला अहिल्यानगर म्हणायचे त्या जिल्ह्याच्या, कर्जत-श्रीगोंदा-जामखेड या कोरडवाहू पट्ट्यात बांधावरच्या बोरीबाभळींतून सातभाईंची टोळी फिरताना दिसते. रंग राखी, शेपूट लांब, डोळा फिकट पिवळा, उडताना शेपटीच्या कडांना दिसणारा पांढरा पट्टा आणि नाकात बोलल्यासारखा, सतत तक्रार करणारा आवाज. सातभाई म्हणवणारे पक्षी एकाहून अधिक जातींचे आहेत. त्यांतल्या या मोठ्या, राखी जातीचे शास्त्रीय नाव आर्ग्या माल्कमी. पक्ष्यांच्या पुस्तकात हे नाव तिरप्या अक्षरांत छापलेले असते आणि वाचणारा बहुधा त्यावरून नजर सरकवून पुढे जातो. या लेखात आम्ही तिथेच थोडे थांबणार आहोत.

माल्कमी म्हणजे माल्कमचा. हा माल्कम म्हणजे १८२७ ते १८३० या काळातला मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम. मराठी वाचकाला तो आणखी एका प्रसंगातून ठाऊक असतो. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण आला तो याच माल्कमला, आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर पेशव्याची बिठूरला रवानगी झाली तीही त्याने ठरवलेल्या अटींवर. पेशवाईच्या मुलखाचे जिल्हे पाडून इंग्रजांनी त्याच वर्षी कारभार सुरू केला आणि अहमदनगरचा पहिला कलेक्टर म्हणून हेन्री पॉटिंजर आला. ज्या माणसाच्या हाती दख्खनचे राज्य संपले, त्याचे नाव दख्खनच्या बांधावर कलकलाट करणाऱ्या पाखराला चिकटले आहे आणि पुढची दोनशे वर्षे ते तसेच राहिले आहे. हे कसे झाले, ते तसेच राहावे का, आणि त्याने आपले काय बिघडते, असे तीन प्रश्न यातून निघतात.

त्यांतला दुसरा प्रश्न सध्या जगभर चर्चेत आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या एका काळ्या पक्ष्याचे आहे. इंग्रजीत त्याला ‘ब्रूअर्स ब्लॅकबर्ड’ म्हणतात. वास्तविक युरोपातला ब्लॅकबर्ड हा कस्तुराच्या कुळातला गाणारा पक्षी. अमेरिकेत गेलेल्या वसाहतकऱ्यांना तिथे वेगळ्याच कुळातले काळे पक्षी भेटले आणि घरची आठवण म्हणून त्यांनी त्यांनाही तेच नाव दिले. असा घोटाळा प्रत्यक्ष लिनियसच्या हातूनही झाला होता. १७५८ च्या त्याच्या ग्रंथात आपली डोंगरी मैना आणि अमेरिकेतला ग्रॅकल हे दोन्ही ‘ग्रॅक्युला’ या एकाच प्रजातीत बसवलेले होते. काळा रंग आणि तकतकी एवढे साम्य त्याला पुरेसे वाटले असावे.

ब्रूअरच्या ब्लॅकबर्डची हकीकत अशी. १८४३ मध्ये ऑड्युबन हा विख्यात पक्षिचित्रकार मिसुरी नदीच्या प्रवासाला गेला. तिथे मिळालेल्या एका पिवळ्या डोळ्यांच्या काळ्या पक्ष्याला नवा समजून त्याने आपला बॉस्टनचा मित्र टॉमस मेयो ब्रूअर याचे नाव दिले. परंतु म्युनिकच्या योहान वाग्लरने मेक्सिकोतून आलेल्या नमुन्यांवरून १८२९ मध्येच त्याचे वर्णन करून ठेवले होते. प्राणिशास्त्राच्या कायद्यात पहिला दस्त खरा धरतात, म्हणून वाग्लरचे ‘सायनोसेफॅलस’, म्हणजे निळ्या डोक्याचा, हे नाव राहिले आणि ऑड्युबनचे गळाले. आज शास्त्रात तो युफॅगस सायनोसेफॅलस आहे. ब्रूअर उरला तो फक्त इंग्रजी बोलीत. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने जाहीर केले, की आपल्या अखत्यारीतल्या पक्ष्यांच्या इंग्रजी नावांतून माणसांची नावे काढून टाकायची आणि सुरुवात अमेरिका-कॅनडातल्या सत्तर-ऐंशी पक्ष्यांपासून करायची. ब्रूअरचे नाव या धोरणाच्या कक्षेत येते. गुलामांचे मालक, कबरी उकरणारे, आदिवासींशी लढलेले सेनाधिकारी अशा माणसांची नावे पाखरांनी का वाहावीत, हा त्यामागचा प्रश्न होता. मात्र एकेकाचा न्याय करत बसण्यापेक्षा सगळीच व्यक्तिनामे काढावीत असे ठरले.

आता हा निर्णय दख्खनला लावून पाहू. ब्लॅकबर्डचे शास्त्रीय नाव निर्मळ आहे आणि इंग्रजी नावात माणूस आहे. आपल्या सातभाईचे नेमके उलटे. इंग्रजीत तो नुसता ‘मोठा करडा बॅबलर’ आहे, मराठीत सातभाई आहे, आणि माणूस बसला आहे तो शास्त्रीय नावात. अमेरिकेतल्या त्या सुधारणेने सातभाईच्या माल्कमला धक्का लागणार नाही.

*

माल्कमला तिथे बसवले कर्नल विल्यम हेन्री साईक्स याने. जन्म १७९०. कोवळ्या वयात कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात तो होता आणि १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेसमोरही होता. राज्य बुडवणाऱ्या फौजेतला हा अधिकारी पुढे त्याच राज्याची मोजदाद करायला बसला. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्याला ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टोरेटांची माहिती गोळा करणे हे त्याचे काम. लोकसंख्या, पिके, पाऊस, हवेचा दाब, वतने, मिरासी, गावकीचे हक्क यांतले काहीच त्याने सोडले नाही. दख्खनच्या जमीनधारापद्धतीवरचा त्याचा निबंध १८३५ चा. त्याआधी वेरूळच्या लेण्यांवरही त्याने लिहिले होते. आणि हे सारे करता करता पाखरे, जनावरे आणि मासे यांचीही त्याने नोंद घेतली.

इथे इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. १८२९ च्या डिसेंबरात साईक्सचे ते पदच रद्द झाले, आणि तेव्हा गव्हर्नर होता माल्कम. साईक्सने काम सोडले नाही. १८३१ च्या आरंभापर्यंत ते पुरे करून तो विलायतेला गेला आणि १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. शास्त्राला नवे असे ५६ पक्षी तिच्यात होते, असे सांगतात. त्यांतल्याच एकाला त्याने माल्कमचे नाव दिले. ज्याच्या कारकिर्दीत आपली नोकरी गेली त्याचेच नाव सातभाईला द्यावे, यात थोरपणा होता, व्यवहार होता की निव्वळ शिष्टाचार, हे वाचकाने ठरवावे. साईक्स पुढे कंपनीचा डायरेक्टर आणि चेअरमन झाला, पार्लमेंटात गेला आणि १८७२ मध्ये वारला.

या यादीचे महत्त्व समजायला रानात लांब जावे लागत नाही. विहिरीच्या काठावर मान आखडून बसणारी ढोकरी साईक्सने नाव दिलेली आहे. परसातल्या झुडपात शेपूट उभारून वटवट करणारे दोन्ही वटवटे, राखी आणि साधा, त्यानेच नाव दिलेले आहेत. राखी वटवट्याला त्याने ‘सोशियालिस’ म्हटले आणि साध्याला ‘इनॉर्नाटा’, म्हणजे अलंकार नसलेला. नाकासमोर असलेल्या आणि मराठी माणसाने शतकानुशतके पाहिलेल्या या पाखरांना ‘नवे’ म्हणायचे ते कोणासाठी, हा प्रश्न विचारावासा वाटतो. परंतु ‘नवे’ हा शब्द इथे नोंदीपुरता आहे. मालकी नवी झाली की गावच्या जुन्याच जमिनीची नवी पैमाश होते, तशी ही पैमाश होती.

जमिनीचे हे रूपक आम्ही उगाच ओढून आणलेले नाही. शास्त्रीय नावाची रचना सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखीच असते. नावाचा पहिला शब्द प्रजातीचा. तो मतामतांप्रमाणे बदलतो, आणि तो बदलला की फेरफार झाल्याची खूण म्हणून मूळ नाव देणाऱ्याचे आडनाव कंसात घालतात. दुसरा शब्द ही मिरास. ज्याने प्रथम नोंदवला त्याचाच तो शब्द चालतो. सातभाईला साईक्सने ‘टिमॅलिया’ प्रजातीत घातले होते. नंतर तो ‘टर्डॉइडिस’ झाला, अलीकडे पुन्हा ‘आर्ग्या’ झाला, पण ‘माल्कमी’ ढळला नाही. म्हणून त्याच्या पुढचे साईक्सचे नाव कंसात असते. वटवट्या मात्र त्याने घातलेल्या ‘प्रिनिया’तच राहिला, म्हणून तिथे कंस नाही. एवढीशी ती खूण, पण दोनशे वर्षांतले फेरफार तिच्यात वाचता येतात.

*

साईक्सने दिलेली नावे एकत्र ठेवून पाहिली म्हणजे त्यांचे चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग आश्रयदात्यांचा आणि स्नेह्यांचा. सातभाईत माल्कम, ढोकरीत ब्रिटिश म्युझियमचा ग्रे, घाटातल्या लांब वाकड्या चोचीच्या बॅबलरमध्ये कंपनीच्या लंडनमधल्या संग्रहालयाचा हॉर्सफील्ड, लाल गळ्याच्या शिंजीरात झूलॉजिकल सोसायटीचा व्हिगर्स. या माणसांतल्या बहुतेकांनी तो पक्षी जिवंत पाहिलाही नसेल. जी व्यक्तिनामे आजपर्यंत टिकली त्यांत एकही मराठी माणूस नाही. पाखरू कुठल्या ओढ्याला येते हे सांगणारा, बंदूक उचलून मागे चालणारा, नाव उच्चारून दाखवणारा कोणी तरी असणारच. त्याला कुठल्याही शेपटाला लटकता आले नाही.

दुसरा वर्ग मुलखाचा. साईक्सच्या रातव्याचे नाव कॅप्रिमल्गस महारात्तेन्सिस, घाटातल्या जंगली मैनेच्या उपजातीचे नावही महारात्तेन्सिस. ‘मराठी मुलखाचा’ असे म्हणण्याची रीत साईक्सची स्वतःची नव्हे. पिवळ्या माथ्याच्या सुतार पक्ष्याला लॅथमने १८०१ मध्येच, पेशवाई जिवंत असताना, तेच विशेषण दिले होते. रानकुत्र्याला साईक्सने ‘डुखुनेन्सिस’ म्हटले, म्हणजे दख्खनचा. जिल्ह्यांची नावे बदलतात, राज्ये बदलतात, हिज्जे सुधारतात. या नावांतले मराठे आणि दख्खन मात्र १८३२ च्या आसपासच्या इंग्रजी कानाने ऐकले तसेच कायम आहेत, कारण मूळचे हिज्जे मनमानीने दुरुस्त करण्याला शास्त्राचा कायदा मोकळीक देत नाही.

तिसरा वर्ग सर्वांत चमत्कारिक. आपल्या घारीचे उपजातिनाम आहे गोविंदा. घाटमाथ्यावरच्या काळ्या, शेंडी विस्कटलेल्या बुलबुलाचे नाव गणीसा, म्हणजे गणेश. रानातल्या मोठ्या तपकिरी घुबडाचे इंद्राणी. आणि माळावरच्या चंडोलाचे देवा. फौजेतल्या साहेबाने देवघरातली नावे अशी सढळ हाताने वाटली आहेत. घुबडाला इंद्राणी म्हणायला एकही मराठी माणूस धजला नसता. घुबडाचा आवाज ऐकून दाराशी थुंकणाऱ्या मुलखात हे नाव परक्यालाच सुचावे. त्यात आदर होता की देशी रंग भरण्याची हौस, हे या नावांवरून सांगता येत नाही. पण एवढे खरे, की माल्कमला काढा म्हणणाऱ्याला साईक्सचा गोविंदाही त्याच वहीतला आहे हे लक्षात ठेवावे लागेल.

चौथा वर्ग देशी बोलीतल्या शब्दांचा, आणि तो पक्ष्यांपेक्षा माशांत जास्त दिसतो. दख्खनच्या माशांवरचे साईक्सचे लेखन १८३९ ते १८४१ या काळात प्रसिद्ध झाले. त्यात ‘कोलुस’, ‘मुल्या’, ‘फुलुंजी’, ‘सीन्घाला’, ‘सीन्गटी’ अशी नावे भेटतात. भीमेकाठच्या कोणत्याही कोळ्याला वा भोयाला विचारावे, कोळस, मळ्या, शिंगाळा, शिंगटी हे शब्द त्याच्या तोंडी सापडतील. माशांनाच हे भाग्य का लाभले असावे? आमचा तर्क असा. पाखरू बंदुकीने पडते, आणि बंदूक साहेबाच्या हाती होती. मासा मात्र जाळ्याने मिळतो आणि जाळे भोयाच्या हाती होते. पाखरू साहेबाकडे निनावी यायचे, मासा नाव घेऊनच यायचा. ज्याचे हत्यार त्याचे नामकरण, असा हा हिशेब दिसतो.

पक्ष्यांतही काही देशी वळणाचे शब्द आले आहेत. त्यांतल्या एकाची हकीकत सांगण्याजोगी आहे. हळद्याला साईक्सने ओरिओलस कुंडू म्हटले. पुढच्या पंडितांनी ठरवले की युरोपातला हळद्या आणि हा एकच, तेव्हा लिनियसचे जुने नाव चालेल आणि कुंडू ही फार तर उपजात. त्यामुळे विसाव्या शतकातल्या पक्ष्यांच्या पुस्तकांत आपला हळद्या युरोपीय हळद्याची एक शाखा म्हणून वावरला. २००५ मध्ये पॅमेला रासमुसन आणि जॉन अँडरटन यांनी आपल्या ग्रंथात या दोघांना पुन्हा वेगळे केले. डोळ्यावरची काळी पट्टी आपल्या हळद्यात डोळ्यामागेही लांबते, पंखांवर पिवळा रंग जास्त असतो. या भेदांवर तो स्वतंत्र जात ठरला, आणि १८३२ चा कुंडू दप्तरातून जसाच्या तसा बाहेर आला. नाव बदलता येत नाही या नियमाचा हा दुसरा गुण. पुरलेले नावही तो राखून ठेवतो.

*

मग माल्कमचे काय करावे? नावे बदलावीत असे म्हणणाऱ्यांचा पक्ष आम्हाला हलका वाटत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये माद्रिदला भरलेल्या परिषदेत दक्षिण आफ्रिकेतल्या एका अपमानकारक शब्दावरून पडलेली सुमारे दोनशे नावे बदलण्याचा ठराव केला. म्हणजे शास्त्रातही हे करता येते. प्राणिशास्त्राच्या नामकरण आयोगाकडून मात्र २०२३ मध्ये उलट भूमिका मांडली गेली. नावांचे स्थैर्य गेले तर दोन शतकांचे लेखन एकमेकांशी बोलेनासे होईल, हा त्यांचा मुद्दा. आम्ही या बाबतीत आयोगाच्या बाजूला झुकतो, पण आमचे कारण वेगळे आहे. माल्कमचे नाव सातभाईला असणे हा सातभाईचा गौरव नाही आणि माल्कमचाही फारसा नाही. तो एक शिलालेख आहे. दख्खन कोणी जिंकले, मोजले आणि लंडनला नेऊन कोणाच्या चरणी वाहिले, एवढे सगळे त्या एका शब्दात कोरलेले आहे. शिलालेख छिनून काढला तर दगड कोरा होतो, इतिहास होत नाही. तो वाचता यावा, एवढी सोय मात्र आपण केली पाहिजे.

अहमदनगरच्याच किल्ल्यात पाखरांना नावे देण्याचा आणखी एक प्रसंग घडला आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून काँग्रेसचे पुढारी तिथे कैदेत होते. नेहरूंनी तिथे आपला भारतशोधाचा ग्रंथ लिहिला हे सर्वश्रुत आहे. त्याच कैदेत मौलाना आझादांनी जी पत्रे लिहिली, ती १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत कोठडीत घरटी करणाऱ्या चिमण्यांची हकीकत आहे. आधी त्यांना हाकलण्याची लढाई, मग तह, मग दाणे आणि शेवटी मैत्री. त्या मैत्रीत मौलानांनी एकेका चिमणीला तिच्या स्वभावावरून नाव दिले, कोणी कलंदर, कोणी मुल्ला, कोणी मोती. गंमत म्हणजे अमेरिकेत हीच चिमणी आणून सोडावी की नाही यावर १८७० च्या दशकात मोठा वाद पेटला होता, आणि चिमणीची कड घेणारा होता तोच ब्ल‍ॅकबर्डवाला ब्रूअर. आझादांच्या नावांना कायदा नव्हता, कंस नव्हता, दस्तही नव्हता. त्या नावांनी चिमण्यांवर कसला हक्क सांगितला नाही. कैद्याने शेजाऱ्याला मारलेली ती हाक होती.

आमच्या मते मराठी नावांची जात हीच आहे. सातभाई, हळद्या, वटवट्या, ढोकरी, घार या साऱ्या हाका आहेत. टोळी करून राहतात म्हणून सातभाई, वटवट करतो म्हणून वटवट्या. बघणाऱ्याने जे पाहिले-ऐकले तेच नाव झाले. मारुती चितमपल्ली, जे २०२५ मध्ये आपल्यातून गेले, त्यांनी ‘पक्षिकोशा’त अशी नावे जमवून ठेवली. परंतु कोशातली नोंद आणि तोंडातली हाक यांत फरक असतो. शास्त्रीय नाव कोणी उच्चारले नाही तरी टिकते, दप्तर त्याला सांभाळते. बोलीतल्या नावाला दप्तर नाही. कर्जतच्या बांधावरच्या पोराने त्या राखी कलकलाटाकडे बघून ‘सातभाई’ म्हणायचे सोडले, तर त्या दिवशी तो शब्द तिथून जाईल, आणि त्याला परत आणायला कुठलाही रासमुसन येणार नाही. माल्कम मात्र तेव्हाही तिथेच असेल.